दह्यावरची हेकट थाळी

वायरमन काका कुठल्याही लोखंडी वस्तूला हात लावायचे तो उलटा. आधी बोटांची पाठ टेकवायची, क्षणभर थांबायचं, मग पंजा फिरवून धरायचं. वीज खात्यात उभी हयात खांबावर काढलेला माणूस. तारेत वीज असली आणि ती सरळ पंजानं धरली तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात लावला तर तो झटक्यानं मागं येतो, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. ते ठीकच होतं. पण निवृत्तीनंतरही फाटकाची कडी, बसचा दांडा, देवळातली घंटा, पंगतीतला वाढायचा डाव, सगळ्यांची ते अशीच परीक्षा घेत. एकदा पडेगावात एक पुढारी आले. त्यांनी काकांपुढं हात केला, तर काकांनी त्यांच्या तळव्याला बोटांची पाठ टेकवून पाहिली. घरी आल्यावर म्हणाले, "बिलकुल करंट नाय."

मी मूळची सोयगावकडची. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा पडेगावात त्यांच्या घराची वरची खोली रिकामी असल्याचं कळलं. खोली बघायला गेले तर काका पायात रबरी बूट घालून अंगणात उभे. ते बूटही निवृत्तीनंतर सुटले नव्हते.

"शेतातल्या का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो."

"उपणणी बघितली आसंल."

"लहानपणी बघितली. आता यंत्रं आलीत."

"यंत्राचं ऱ्हाऊ द्या. सूप धरून उभं ऱ्हायलं अन् वारा पडला, तर काय करायचं?"

"थांबायचं," मी म्हणाले.

"अन् वारा लई झाला तर?"

"तरी थांबायचं. दाणेसुद्धा उडून जातात."

त्यांनी आत वळून हाक मारली, "ऐकलं का, खोली दिली गं!" खोली अजून मी पाहिलीसुद्धा नव्हती. आतून काकू आल्या. लहानखुऱ्या, शांत, चेहऱ्यावर 'मला हे अपेक्षितच होतं' असा भाव. नंतर कळलं की माझ्याआधी दोघांना वाऱ्याचं उत्तर आलं नव्हतं म्हणून परत पाठवलं होतं.

त्या प्रश्नाचं कारण दर रविवारी सकाळी सात वाजता माझ्या दारावर थाप मारायचं. माझ्याआधी त्या खोलीत वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर राहत होता. काकांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला काकांची. पण त्यानं काकांना एक खेळ शिकवला: डिस्क गोल्फ. चेंडूच्या जागी प्लास्टिकची चपटी थाळी, खळग्याच्या जागी खांबावर टांगलेली साखळ्यांची टोपली. लांबून थाळी फेकत फेकत, कमीत कमी फेकींत ती टोपलीत टाकायची, की पुढच्या टोपलीकडं जायचं. जाताना पाहुणा आपली थाळ्यांची पिशवी काकांना देऊन गेला. काकांनी घरामागच्या कोरडवाहू तुकड्यात, कडुनिंब आणि सीताफळाच्या झाडांमधून, नऊ टोपल्या उभ्या केल्या. कड्या जुन्या पिंपाच्या, आणि साखळ्या बैलांच्या. बैल कधीच विकले होते, साखळ्या गोठ्यात पडून होत्या. थाळी लागली की खळ्ळ असा आवाज यायचा, आणि काका प्रत्येक वेळी टोपलीला आधी उलटा हात लावून मगच थाळी बाहेर काढायचे.

"काका, हिच्यात वीज कुठून येणार?"

"असंच म्हनून आमचे दोन जण गेले," ते म्हणायचे.

सगळा खेळ त्यांनी आपल्या खात्याच्या भाषेत आणून ठेवला होता. खेळ सुरू करायचा म्हणजे 'लाइन चालू'. दुपारची झोप म्हणजे 'दोन ते चार शटडाऊन'. थाळी झाडात अडकली की 'फॉल्ट'. खांबावर चढताना वापरायच्या कॅनव्हासच्या पिशवीत पक्कड आणि पान्ह्याच्या शेजारी थाळ्या असत. शेताच्या फाटकावर त्यांनी स्वतः रंगवलेला लाल पत्रा होता. वर कवटी आणि दोन हाडं, अगदी रोहित्रावर असतात तशी, आणि खाली: 'सावधान! ओव्हरटेबल पटर आत आणण्यास सक्त मनाई.'

ओव्हरटेबल म्हणजे ओव्हरस्टेबल. हे प्रकरण थोडं सांगायला हवं, कारण काकांचं अर्धं आयुष्य त्यावर बोलण्यात जाई.

टोपलीच्या जवळ आलं की जी थाळी वापरतात ती पटर. साधी पटर नीट फेकली तर सरळ जाते. ओव्हरस्टेबल पटर मात्र उजव्या हातानं कशीही फेका, शेवटी डावीकडं वळून खाली बसणार म्हणजे बसणार. समोरून सोसाट्याचा वारा असला तरी ती आपलं वळण सोडत नाही. अशी एखादी पिशवीत बाळगावी की नाही, यावर खेळणाऱ्यांचे दोन तट आहेत, आणि ते जगभर भांडतात. मी काकांना फोनवर त्या भांडणांच्या चित्रफिती लावून द्यायचे. एक अक्षर कळत नसताना ते चेहऱ्यावरून ओळखत. "ह्यो बरुबर बोलतोय," किंवा "ह्यो येडा हाय, फुडं घे."

त्यांचं स्वतःचं म्हणणं पक्कं होतं. "पोरी, थाळी वाकडी गेली तर गुन्हा कुनाचा? हाताचा. मग हात सुधार की. वाकड्या हाताची झाकपाक करायला वाकडी थाळी कशापायी?"

"आणि वारा असला तर?"

"वारा पडूस्तोर थांबायचं. तूच तर म्हनली होतीस."

त्यांच्या पिशवीत पटर एकच. हिरवी, साधी, सरळ जाणारी. दुसरी ठेवणं म्हणजे त्यांना स्वतःच्या हातावरचा अविश्वास वाटायचा. "हेकट थाळी," ते ओव्हरस्टेबलबद्दल म्हणत, "जिला ऐकायचंच नाय, ती जवळ बाळगायची कशाला?"

हे कोण बोलत होतं? तर आमच्या रस्त्यावर नवीन बसवलेला दिव्याचा खांब रांगेतून वीतभर बाहेर आहे म्हणून, तो उपटून पुन्हा रोवेपर्यंत दर सोमवारी अर्ज घेऊन जाणारा माणूस. शेवटच्या अर्जाला त्यांनी सुतळी जोडली होती, माप घ्यायला. खांब हलला. काकांनी त्याला उलटा हात लावला आणि घरी येऊन जेवले.

पाहुण्याच्या पिशवीत एक ओव्हरस्टेबल पटर होती, पिवळ्या रंगाची. काकांनी ती पहिल्याच दिवशी बाजूला काढली. काकूंना दिसलं की तिचा काठ दह्याच्या पातेल्यावर अगदी बेतानं बसतो. तेव्हापासून ती दह्यावर असायची. जेवताना काका ती उचलत, दही वाढून घेत आणि पुन्हा झाकत म्हणत, "ओव्हरटेबलचा जगात एवढाच उपेग."

काकू पुढची भाकरी वाढत. एकदा भांडी लावताना मी पाहिलं, पिवळ्या थाळीच्या काठाला खरचटल्याच्या खुणा होत्या. "काकू, पातेल्याला घासते का ही?" मी विचारलं.

"घासती कवामवा," काकू म्हणाल्या आणि लसूण सोलायला घेतला.

काकांचं एकच दुःख होतं: तोडीचा जोडीदार नाही. मी रविवारी खेळायचे, पण माझी थाळी सीताफळात जास्त आणि टोपलीत कमी. शेजारचे कधी आले तर गंमत म्हणून. "पाव्हना गेला अन् खेळ गेला," काका उसासा टाकत. हे ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणत, आणि काकू आत भाकरी थापत असत.

एका चैत्रात पुण्याहून चौघे तरुण आले. संगणकाच्या नोकऱ्यांतले, लेणी बघायला निघालेले. कुणीतरी टाकलेले काकांच्या टोपल्यांचे फोटो पाहून वाट वाकडी करून आले होते. त्यांच्यातल्या दाढीवाल्याच्या पाठीवर शाळेच्या दप्तरापेक्षा मोठी पिशवी, आत वीसेक थाळ्या. फाटकावरचा लाल पत्रा वाचून तो हसायला लागला.

"काका, हे खरंच लिहिलंय? माझ्याकडे तीन आहेत ओव्हरस्टेबल पटर."

"तीन!" काका म्हणाले. एखाद्यानं तीन बायका सांगाव्यात तसा त्यांचा चेहरा झाला.

"वाऱ्यात दुसरा इलाजच नाही ना, काका."

"हाय. हात."

बोलता बोलता पैज लागली. नऊ टोपल्या, काका एका पटरवर, दाढीवाला त्याच्या सगळ्या लवाजम्यासह. काका हरले तर पत्रा उतरवायचा. दाढीवाला हरला तर तिन्ही हेकट थाळ्या इथंच ठेवून जायच्या. "दह्याला लागत्यात," काका म्हणाले.

मी त्यांना तसं खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. साठी ओलांडलेला माणूस, पायात रबरी बूट, पण हात असा सुटत होता की थाळी झाडांच्या फटीतून दोरीवरून गेल्यासारखी जावी. आठ टोपल्या झाल्या आणि दोघं बरोबरीत. पोरांची थट्टा केव्हाच थांबली होती; दाढीवाला काकांच्या प्रत्येक फेकीला मान डोलावत होता.

नववी टोपली विहिरीपाशी. विहीर जुनी, रुंद तोंडाची. टोपली तिच्या पलीकडं, डाव्या अंगाला. तोवर ऊन चढलं होतं आणि दौलताबादकडून वारा सुटला होता, थेट तोंडावर. पहिल्या फेकीत दोघंही विहिरीच्या अलीकडं, टोपलीपासून चाळीसेक पावलांवर आले. दाढीवाल्यानं त्याची हेकट थाळी काढली, जराशी उजवीकडं फेकली. वाऱ्याला न जुमानता ती वळली आणि टोपलीच्या पायाशी जाऊन बसली.

मग काका उभे राहिले. हिरवी हातात धरून वारा पडायची वाट बघत उभेच राहिले. पोरं आधी उभी होती, मग खाली बसली. एकानं मोबाइल काढला. वारा काही पडेना. तेवढ्यात काकू सगळ्यांसाठी ताक घेऊन आल्या. डोक्यावर पातेलं, पातेल्यावर पिवळी थाळी. त्याही बाजूला थांबल्या.

"काका, थोडं थांबूया का? सावलीत बसू," दाढीवाला आदरानंच म्हणाला. पण ते काकांना लागलं असावं. त्यांनी हात मागं घेतला आणि फेकली.

फेक चांगली होती. पण वाऱ्यानं हिरवीला खालून उचललं, उजवीकडं कलवलं, आणि ती विहिरीच्या तोंडावर क्षणभर लोंबकळल्यासारखी दिसली. मग आत गेली. आतून पाचसहा पारवे फडफडत वर आले.

नियमानं काकांना एक फेक दंड भरून तिथूनच पुन्हा फेकता येत होतं, पण फेकायची काय? पिशवीत उरल्या त्या लांब पल्ल्याच्या थाळ्या. एवढ्याशा अंतरात त्या थांबत नाहीत. दाढीवाल्यानं आपली एक पटर पुढं केली. काकांनी मान हलवली. "नाय."

काकूंनी पातेलं खाली ठेवलं. पिवळी थाळी उचलली, तिला लागलेलं ताक पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "मी टाकू का?"

काकांनी त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील 'तुला काय कळतंय'. ओठ तसे हललेही. पण ते दुसऱ्या बाजूला वळले आणि पोरांना विचारलं, "चालंल का?"

"चालेल की, काका."

"टाक," ते म्हणाले.

काकूंनी निऱ्या जरा वर खोचल्या. चपला काढल्या. वाऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. थाळी फेकली ती सरळ विहिरीवर. "अरे!" असं एक पोरगं ओरडलंच. थाळी विहिरीच्या पाण्यावरून निम्मी गेली, आणि मग कुणी हाक मारून बोलावल्यासारखी डावीकडं वळली, काठ ओलांडून खाली आली आणि साखळीला कडेनं लागून टोपलीजवळ पडली. जेमतेम हातभर अंतरावर.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. काकू जाऊन थाळी उचलून टोपलीत टाकून आल्या, चपला घातल्या आणि पेले मांडायला लागल्या.

काका तिथंच उभे होते. "कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारपासनं."

"कंच्या गुरुवारपासनं?"

"समद्या," काकू म्हणाल्या.

गुरुवारी छावणीचा आठवडी बाजार. काका दुपारी जात आणि दिवेलागणीला परतत. मी सहानंतरच घरी येणारी. त्या रिकाम्या दुपारी काकू दह्यावरची थाळी काढून मागच्या शेतात जात होत्या, तीन वर्षं.

"पण काकू, हीच का? बाकीच्या सोप्या होत्या ना?" दाढीवाल्यानं विचारलं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"ही कुटं वळणार ते आधीच ठावं आसतं," काकूंनी त्याला ताक दिलं. "तेवढं ठावं आसलं की मग आपल्याला कुटं टाकायचं ते ठरवता येतं. घरात बी तेच करते मी." पोरं हसली. काकांनी पेला घेतला, त्याला आधी उलटा हात लावला, आणि प्यायले.

पैज ते दोन फेकींनी हरले होते. दाढीवाला म्हणाला, पत्रा राहू द्या, मजेदार आहे. काकांनी ऐकलं नाही. हातमोजे घालून, पान्ह्यानं एकेक नट काढून तो उतरवला. जाताना दाढीवाल्यानं आपली एक हेकट थाळी काकूंना दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "एक दह्यावर ऱ्हाईल."

त्या संध्याकाळी मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला खाली उतरले तर काका जिन्याच्या पायरीवर बसलेले. मला वाटलं, हरल्यामुळं खट्टू झालेत.

"अहो, एकाच डावाचं काय एवढं," मी म्हणाले.

"त्याचं नाय गं." त्यांनी एका बुटावरची माती अंगठ्यानं पुसली. "पाव्हना होता तवा एकदा ती म्हनली होती, मी बी टाकू का म्हनून. मी म्हनलो, तुला झेपायचं नाय, तू च्या टाक. हसलो बी होतो, पाव्हन्याफुडं. ती दुसऱ्यांदा विचारत नाय. लग्नापासनं बघतोय. एकदाच विचारती."

"आज विचारलं की."

"व्हय," ते म्हणाले. "आज माझ्यापाशी कायच नव्हतं म्हनून."

मी कपडे घेऊन वर गेले.

पुढच्या गुरुवारी दुपारी काका बाजाराला निघालेच नाहीत. माझी त्या दिवशी सुटी होती म्हणून मला हा प्रकार बघायला मिळाला. बाजार नाही म्हणून शटडाऊन घ्यावं, तर तेही रद्द. दोन्ही हेकट थाळ्या घासून पुसून मांडीवर घेऊन ते अंगणात बसले होते. काकू धुणं वाळत घालत होत्या.

"चल की," काका म्हणाले.

"कुटं?"

"टाकायला. दोगं जाऊ."

"अन् बाजार कोन करनार? घरात मिरची नाय."

"उद्या आनू कुठूनबी. चल, तुझा हात बघतो. जरा मनगट..."

काकूंनी चादर झटकली. "अवो, मला गुरुवारी एकटीलाच बरं वाटतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ऐतवारी येते मी तुमच्यासंगं."

काका थाळ्या घेऊन तसेच बसून राहिले. त्यांना असं उत्तर मिळेल याची त्यांनी कल्पनाच केली नसावी. माफी मागायला म्हणून माणूस आयुष्यात पहिल्यांदा बाजार बुडवतो, आणि समोरून मिरची मागितली जाते. चार वाजता त्यांनी थाळ्या कट्ट्यावर ठेवल्या, पिशव्या घेतल्या आणि सायकल काढली.

काकू रविवारी यायला लागल्या. फेक लांब जायची नाही, पण जवळ आल्या की चुकायच्या नाहीत. काका आधी सूचना देऊन पाहत. "मनगट मोकळं ठेव. आता वारा बघ." काकू "व्हय, व्हय" म्हणत आणि आपलं तेच करत. महिन्याभरात सूचना बंद झाल्या. टोपल्या बघायला हळूहळू आणखी लोक यायला लागले, आणि कुणी ना कुणी तो प्रश्न विचारायचंच: काका, ओव्हरस्टेबल पटर बाळगावी का? मी कान टवकारायचे.

"पिशवीत नाय," काका म्हणायचे. "घरात एक असावी."

नंतर मला महाविद्यालयाच्या जवळ खोली मिळाली आणि मी पडेगाव सोडलं. तरी अधूनमधून जायचे. अशीच एका गुरुवारी, लवकर सुटले म्हणून, सरप्राइज द्यायला निघाले. पडेगावच्या थांब्यावर उतरले तर कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत काका. शेजारी सायकल, हँडलला दोन्हीकडं गच्च भरलेल्या पिशव्या. मेथी पार मलूल झालेली. पुढ्यात रिकामा कप, आणि ते घड्याळ बघत होते.

"काका! बाजार कधीच झालेला दिसतोय. चला ना घरी."

"बस. च्या घे."

"घरीच घेऊ की. काकू करतील."

"तेच तर," ते म्हणाले. "साडेसहाशिवाय जायचं नाय. टाकत आसंल ती आता."

"मग टाकू द्या ना. तुम्ही गेल्यानं काय होणार?"

"थांबती," काका म्हणाले. "माझी सायकल वाजली की थाळी ठिवती अन् च्याचं आधन ठिवती. किती डाव सांगितलं, तुझं होऊ दे म्हनून. ऐकत नाय." त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. "आजून पाऊन तास हाय तिचा."

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले. काकांनी टपरीवाल्याकडून पेलाभर पाणी मागून घेतलं, मेथीच्या जुडीवर शिंपडलं, आणि दोन चहा सांगितले.